नजरअंदाज आणि दोरी

सप्टेंबर संपत आला की जालना जिल्ह्यातल्या गावागावांना एकेक आकडा मिळतो. कुणाला चाळीसच्या आतला, कुणाला पन्नासच्या काठावरचा, कुणाला साठच्या वरचा. ही नजरअंदाज पैसेवारी. ऑक्टोबरअखेर तीच सुधारित होऊन येते, डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेलं की गावाला सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, आणि आमच्या महाविद्यालयाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे पोरांची परीक्षा फी माफ. पन्नासच्या वर गेलं की यातलं काही नाही. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हिशेब शंभर पैशांवर गेला. धुऱ्यावर उभं राहून पिकाकडं बघणारा डोळा मात्र तोच राहिला.

मी शिकवतो मानसशास्त्र. संशोधनपद्धतीचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडं आहे. त्यातली 'नमुना निवड' आणि 'प्रायोगिक आराखडे' ही दोन प्रकरणं पोरं घोकून पार पाडतात, कारण पुस्तकातली उदाहरणं कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली असतात. मला स्वतःला ही दोन्ही प्रकरणं आधी रानात भेटली आणि मग पुस्तकात. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तलाठी होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. दादांच्या सज्जात पीक कापणीचा प्रयोग लागला की दोरीचं एक टोक माझ्या हातात यायचं. त्यामुळं वर्गात मी सुरुवात आणेवारीपासून करतो. पोरांना ती ठाऊक असते, आणि तिच्यावर भरवसा नसतो हेही ठाऊक असतं.

आणेवारीवरून भांडण्याची परंपरा फार जुनी आहे. १९१८चा खेडा सत्याग्रह मुळात एका अंदाजावरून पेटला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करायचा, असा मुंबई इलाख्यातला नियम होता. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या खाली आहे. सरकारी अधिकारी म्हणत होते, वर आहे. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतर्फे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर चौकशीला गेले. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून स्वतःचा अंदाज बांधत होते. दोन्ही बाजूंचे लोक तीच शेतं बघत होते आणि आकडे वेगळे येत होते. माझ्या पोरांना मी विचारतो, यात खोटं कोण बोलत होतं? बहुतेकजण 'सरकार' म्हणतात. जरा थांबून एखादी पोरगी म्हणते, "सर, दोघांनाबी तसंच दिसत असंल." माझा तास तिथून पुढं सरकतो.

त्या काळी देशभर पिकाचा अंदाज काढायचं एकच सूत्र होतं: पेरा, गुणिले त्या भागातलं 'सर्वसाधारण' उत्पन्न, गुणिले या वर्षीचे आणे. पेऱ्याचा आकडा पटवाऱ्याच्या दप्तरात असे आणि तो बऱ्यापैकी खरा असे. सर्वसाधारण उत्पन्न म्हणजे कुणीतरी केव्हातरी ठरवलेली गोष्ट. आणि आणे हा शुद्ध मनाचा मामला. पुढं संख्याशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष कापणी करून पडताळलं, तेव्हा या मनाचा एक स्वभाव दिसला. पीक चांगलं आलं की अंदाज कमी पडायचा, पीक बुडालं की अंदाज जास्त निघायचा. बघणाऱ्याचा डोळा मधल्या आकड्याकडं ओढ घ्यायचा. आमच्या विषयात याला मध्यप्रवृत्तीचा दोष म्हणतात. परीक्षक पेपर तपासताना तेच करतात: दहापैकी नऊही देत नाहीत, एकही देत नाहीत, सगळी गर्दी पाच-सहावर.

यात लबाडी आलीच नाही असं मी म्हणत नाही. पण लबाडी नसतानाही डोळा फसतो, ही गोष्ट पोरांच्या गळी उतरवायला मला फ्रँक येट्सचा प्रयोग फार उपयोगी पडतो. येट्स इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातला संख्याशास्त्रज्ञ. त्यानं टेबलावर हजाराहून जास्त लहानमोठे दगड पसरले आणि निरीक्षकांना सांगितलं, यातून वीस दगड असे निवडा की त्यांची सरासरी सगळ्या ढिगासारखी यावी. कुणाला काही लाभ नाही, कुणाचा सारा माफ व्हायचा नाही. तरी बहुतेकांनी निवडलेले दगड ढिगाच्या सरासरीपेक्षा जड भरले. मोठा दगड आधी नजरेत भरतो, हातही आधी तिकडंच जातो. मी कुंडलिकेच्या पात्रातले गोटे पोत्यात भरून ठेवले आहेत आणि दर वर्षी वर्गात हेच करून बघतो. पोरं अगदी मनापासून, जिभेचं टोक दाताखाली धरून निवडतात, आणि तरी जडच निवडतात. निवड करणाऱ्याला जितकं वाटतं की आपण नीट निवडतोय, तितका हा दोष पक्का बसतो.

यावरचा उपाय शोधण्याचं बरंच काम भारतातल्या शेतांत झालं. जॉन हबॅक नावाचा एक आयसीएस अधिकारी, जो पुढं ओरिसाचा पहिला गव्हर्नर झाला, त्यानं १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात भाताचे लहान लहान तुकडे चिठ्ठी-पद्धतीनं निवडून कापले आणि १९२७मध्ये ते प्रसिद्ध केलं. आधुनिक प्रयोगशास्त्राचा जनक मानला जाणारा रोनाल्ड फिशर हबॅकच्या या कामाचं ऋण मान्य करत असे. पुढं प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७पासून बंगालात तागाची नमुना पाहणी सुरू केली. महालनोबिस मूळ पदार्थविज्ञानाचे. त्यांना आकडेवारीच्या कामाला पहिल्यांदा लावलं ते ब्रजेंद्रनाथ सील यांनी, कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल तपासायला देऊन. हेच सील कलकत्त्यातल्या प्रायोगिक मानसशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाचेही कर्ते. म्हणजे आमचा विषय आणि नमुना पाहणी या दोघांचा भारतातला पाळणा एकाच माणसानं हलवला. हे मी वर्गात सांगतो तेव्हा कुणी लिहून घेत नाही, परीक्षेला येत नाही म्हणून.

मराठी मुलखात या कामाची दोन मोठी नावं. वि. गो. पानसे हे इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीतले कापसाचे माणूस. त्यांनी आणि रॉथॅमस्टेडला शिकून आलेल्या कळमकरांनी १९४०च्या दशकात वऱ्हाडात कापसाच्या उत्पन्नाच्या पाहण्या केल्या. दुसरे पां. वा. सुखात्मे. जन्म १९११चा, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. फर्ग्युसनमधून लंडनला, तिथून डॉक्टरेट घेऊन परत, आणि १९४०मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत. पानसे-सुखात्मे या जोडीचं शेती संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४चं. शेतकी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचारा, 'पानसे-सुखात्मे' हे त्याला एकाच माणसाचं नाव वाटत असतं.

सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात जो वाद झाला तो मला आमच्या शास्त्रातला सगळ्यांत रंगतदार वाद वाटतो, आणि तो होता खुंट्या कुठं ठोकायच्या यावरचा. महालनोबिस यांचं म्हणणं, शेतात लहान लहान वर्तुळं घ्या, दोन-चार फूट त्रिज्येची. कापायला कमी, म्हणून जास्त ठिकाणी घेता येतील. आणि या कामाला स्वतंत्र, शिकवून तयार केलेली माणसं ठेवा. सुखात्मे म्हणाले, वर्तुळ लहान झालं की त्याची कड मोठी होते. हिशेब सोपा आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फुटांच्या थोडं वर, आणि परीघही साडेबारा फुटांच्या थोडा वर. प्रत्येक चौरस फुटामागं एक फूट कड. त्या कडेवर उभं असलेलं गव्हाचं ताट आतलं की बाहेरचं, हे दर वेळी माणूस ठरवणार. आणि माणूस काय ठरवतो? भरलेली लोंबी दिसली की आत. वेगवेगळ्या आकाराच्या तुकड्यांवर सुखात्म्यांनी गव्हाची कापणी करून पाहिली, तेव्हा तुकडा लहान होत गेला तसा उत्पन्नाचा आकडा फुगत गेला. महालनोबिस यांचं उत्तर असं की नीट शिकवलेल्या माणसांच्या हातून असं होत नाही. सुखात्म्यांची अडचण व्यवहाराची होती. लाखो गावांच्या देशात शिकवलेली फौज आणायची कुठून? हे काम आज ना उद्या पटवारी, तलाठी, शेतकी खात्याचा कामदार यांच्याच हातून व्हायचं आहे. मग तुकडा असा घ्या की साध्या माणसाचा साधा मोह त्यात विरघळून जाईल.

माझं मत विचाराल तर महालनोबिस यांची बुद्धी मोठी, पण माणूस सुखात्म्यांना जास्त कळला होता. देशभर पुढं त्यांचीच पद्धत रुळली. ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद असा तुकडा ठरला. आमच्याकडच्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल: तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, म्हणून हा बरोबर अर्धा गुंठा. मेट्रिक मापं आल्यावर तो दहा मीटर बाय पाच मीटर झाला. फरक हाताच्या बोटांएवढा. आज भोकरदनच्या एखाद्या सोयाबीनच्या रानात कृषी सहायक टेप पसरतो तेव्हा तो सुखात्म्यांचा अर्धा गुंठाच मोजत असतो. सुखात्मे १९५१मध्ये रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. परत येऊन पुण्यात राहिले, तिथंच १९९७मध्ये वारले. त्यांचं नाव आमच्या सज्जात कुणी ऐकलेलं नव्हतं. दादांनीही नाही. त्यांच्याकडं फक्त सूचनांची एक सायक्लोस्टाइल केलेली, कडा कुरतडलेली प्रत होती.

त्या सूचना दादा शब्दशः पाळत. आधी गाव आणि गट वरून ठरून आलेला. हायब्रीडचा, म्हणजे आमच्या भाषेत हायब्रीड ज्वारीचा, गट असेल तर दादा थेट नैऋत्य कोपऱ्यात जाऊन उभे राहत. तिथून शेताची लांबी पावलांनी मोजायची, मग रुंदी. समजा लांबी एकशे चाळीस पावलं, रुंदी नव्वद. त्यातून तुकड्याची लांबी-रुंदी वजा करायची, म्हणजे तुकडा शेताबाहेर जात नाही. उरलेल्या आकड्यांच्या आतले दोन आकडे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून घ्यायचे. या तक्त्यांचा उगमही मजेशीर आहे. एल. एच. सी. टिपेट या इंग्रजानं १९२७मध्ये जनगणनेच्या अहवालांतले आकडे उचलून ४१,६०० अंकांचं एक पुस्तक छापलं, ज्यात काहीही अर्थ नाही आणि हाच त्याचा उपयोग. तक्त्यात सत्तावन्न आणि एकतीस आले, की सत्तावन्न पावलं लांबीच्या दिशेनं, एकतीस पावलं आत, आणि पाऊल पडलं तिथं पहिली खुंटी. मग काटकोन धरून दुसरी, तिसरी, चौथी. दोरी ताणायची आणि तिच्यावर डोकं खाली करून बघायचं: ताटाचं मूळ आत तर ते आत, कणीस कुठंही झुको.

खरी परीक्षा पहिल्या खुंटीनंतर सुरू होई. शेतकरी म्हणे, "तात्या, तिकडं नगं, तिथं चोपण हाय. काहीच उगवलं नाही." किंवा उलट, "तिकडं कामून जाता, इकडं बघा ना कसं दांडगं आलंय." दादा काही बोलत नसत. चोपण निघालं तर चोपण, शेतात चोपण आहे म्हणून तुकड्यात आलं. वरचा अधिकारी सोबत असला तर त्याला गाडीपासून लांब जायचा कंटाळा. त्याचा आग्रह, रस्त्याच्या कडेचाच तुकडा घ्या, सगळीकडं सारखंच आहे. सगळीकडं सारखं असतं तर हा सगळा खटाटोप कशाला होता? रस्त्याकडंच्या रानाला खत पोचतं, माणूस पोचतो, लक्ष पोचतं. आतल्या रानाला रानडुक्कर पोचतं. दादांनी अमुक एका वर्षी कुणाला तरी ठणकावलं अशी गोष्ट सांगून मला त्यांचा पुतळा उभारायचा नाही. त्यांच्या बाजूनं फक्त ते दोन आकडे होते, आणि वाद आला की ते कागद पुढं करून म्हणत, "मी कुठं ठरवलंय, यात आलंय." माझ्या पुस्तकांतल्या यादृच्छिकीकरणाच्या सगळ्या व्याख्या या वाक्यापुढं बोजड आहेत.

मग कापणी, कणसं खुडून बडवणं, उपणणं, वजन. ओलं वजन लिहायचं, थोडं धान्य वाळवायला ठेवून वाळल्यावरचं पुन्हा लिहायचं. वजनकाट्याभोवती गाव जमे. दादांच्या नोंदवहीत दाण्याचे ग्रॅम लिहिलेले असत, आणि शेजारी उभ्या माणसांच्या तोंडी तेच पायल्या-मणांत चालू असे.

मानसशास्त्रानं शेतीकडून काय घेतलं हे आता थोडक्यात. फिशर १९१९ साली रॉथॅमस्टेडला गेला, आणि शेतात खतांची तुलना करताना त्यानं तीन गोष्टी बसवल्या: कोणत्या वाफ्याला काय मिळणार हे चिठ्ठीनं ठरवायचं, प्रत्येक गोष्ट अनेकदा करून बघायची, आणि जमिनीचा पोत जिथं सारखा तिथले वाफे एका गटात बांधायचे. जमिनीच्या जागी माणूस ठेवा, खताच्या जागी शिकवण्याची पद्धत किंवा औषध ठेवा, आमचा अख्खा पेपर तयार. १९३५च्या पुस्तकात त्यानं सुरुवातीलाच उदाहरण घेतलं ते मात्र शेतीचं नाही. एक बाई म्हणते, कपात आधी दूध घातलं होतं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठीनं. नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. जालन्याच्या मोंढ्यात उभं राहून हे सांगितलं तर लोक म्हणतील, चहा प्यायचा सोडून हे काय. पण हा निखळ मानसशास्त्राचा प्रयोग आहे. आणि खरं तर चिठ्ठी टाकायची कल्पना आमच्याच घरात आधी आली होती. चार्ल्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी जॅस्ट्रो यांनी १८८०च्या दशकात वजनातला बारीक फरक माणसाला कळतो का हे तपासताना पत्ते पिसून क्रम ठरवला होता. आम्ही ते विसरलो, आणि चाळीस वर्षांनी शेतकऱ्यांकडून उसनं आणलं.

बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तुरीच्या बीडीएन-७११, बीएसएमआर-७३६ या वाणांची नावं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहेत. त्यांतलं 'बी' बदनापूरचं. मी पोरांची सहल तिथं नेतो ती तूर दाखवायला नाही. मर रोगाला टिकणारं वाण शोधायचं तर रोगाची बुरशी मुद्दाम जोपासलेल्या रानात ते लावतात, आणि मधून मधून हमखास मरणाऱ्या वाणाच्या ओळी लावतात. त्या ओळी वाळून कोळ झाल्या म्हणजे रानात रोग खरोखर होता हे सिद्ध, आणि शेजारची हिरवी ओळ मग खरी हिरवी. मरणारी ओळ नसती तर त्या हिरवेपणाला काही किंमत नव्हती. नियंत्रित गट कशासाठी लागतो, हे यानंतर मला फळ्यावर लिहावं लागत नाही.

बियाण्याच्या बाबतीत जालन्याचं नाव देशभर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४मध्ये इथं महिको सुरू केली, १९९८मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. गावोगाव कंपन्यांचे प्रात्यक्षिक प्लॉट असतात, कडेला पाटी, आणि त्या पाटीमागचं पीक नेहमीच जोमदार. त्यात बियाण्याचा वाटा किती आणि पाटीचा किती? टांझानियात चवळीवर झालेला एक प्रयोग २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. काही शेतकऱ्यांना सांगून सुधारित किंवा जुनं बियाणं दिलं. काहींना काय मिळालं ते कळूच दिलं नाही. सांगून दिलं तिथं सुधारित बियाणं स्पष्ट पुढं गेलं. न सांगता दिलं तिथं फरक जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याला जुनं मिळालंय हे ज्यांना कळलं, त्यांचाच माल सगळ्यांत कमी आला. हा प्रयोग मी जालन्यात एका बियाणे विक्रेत्याला सांगितला. तो म्हणाला, "सर, हे दुकानासमोर बोलू नका."

माणसांचे नमुने मात्र आम्ही अजून रस्त्याकडंच्या रानातूनच घेतो. आमच्या पोरांच्या प्रबंधिका बघा: 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील चिंता', नमुना साठ, तीस मुलं, तीस मुली, सगळी स्वतःच्याच वसतिगृहातली. हसायचं कारण नाही. अमेरिकेतलं कितीतरी मानसशास्त्र तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांवर उभं आहे आणि साऱ्या मानवजातीच्या नावानं छापलं गेलं आहे. जवळचं उदाहरण बिने-कामत चाचणीचं. डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाडला १९३०च्या दशकात बिने बुद्धिमत्ता चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. काम फार मोठं, त्या काळात तर अफाट. १९६०च्या दशकात सुधारणाही झाली. पण मंठा तालुक्यातल्या तांड्यावरचं, घरी गोरमाटी बोलणारं पोर दाखल्यासाठी आणलं जातं, आणि त्याच्यापुढं तीच चाचणी ठेवली जाते, तेव्हा ते पोर ज्या ढिगातलं नाही त्या ढिगाच्या सरासरीशी मोजलं जातं. त्याच्या गटाचा नंबर कधी तक्त्यात आलेलाच नसतो.

आता पीक कापणीवर पूर्वीपेक्षा फार मोठा भार आला आहे, आणि त्यामागंही एक सातारकर आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी १९७६मध्ये मांडलं की एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजून पीक विमा चालणार नाही. खर्च परवडणार नाही आणि प्रत्येकजण आपलं नुकसान फुगवेल. म्हणून सारख्या हवापाण्याचा एक प्रदेश धरा, तिथल्या सरासरी उत्पन्नावर सगळ्यांना सारखी भरपाई द्या. १९७९ची प्रायोगिक योजना, १९८५ची सर्वंकष योजना, १९९९ची राष्ट्रीय योजना, २०१६ची प्रधानमंत्री योजना, सगळ्यांच्या तळाशी दांडेकरांचा हा विचार आहे आणि त्याच्या तळाशी सुखात्म्यांचा अर्धा गुंठा. प्रधानमंत्री योजनेत महसूल मंडळाला एका पिकाचे किमान दहा प्रयोग. महाराष्ट्रात २०२५च्या खरिपापासून एक रुपयात विमा बंद झाला आणि भरपाई मुख्यतः या प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आली. मंडळातले हजारो खातेदार त्या खुंट्यांच्या आत.

त्यामुळं खुंटीभोवतीची माणसंही वाढली. पूर्वी शेतकरी आणि तलाठी. आता विमा कंपनीचा प्रतिनिधी, सरपंच, कृषी सहायक, मोबाइलवर फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश. प्रत्येकाला हवा असलेला तुकडा वेगळा. पैसेवारीसाठी गावाला विरळ रान हवं, विमा कंपनीला दाट. ॲपमध्ये खुंटीची जागा नोंदली जाते, पण खुंटी ठोकणारा हात कुणाच्या दबावाखाली होता हे नोंदलं जात नाही. काही पिकांत उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेलं उत्पन्नही धरायला लागले आहेत, दुष्काळ ठरवायला तर २०१६च्या संहितेपासून पाऊस, जमिनीतला ओलावा, झाडोऱ्याचा निर्देशांक असे निकष आले. त्यांवर २०२३मध्ये राज्यातल्या ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यांत आमचे भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड, मंठा हे पाच होते.

दहा प्रयोगांची सरासरी मंडळासाठी चोख असली तरी एकट्या शेतकऱ्यासाठी ती साफ चुकीची असू शकते. ज्याचं नाल्याकाठचं रान खरडून गेलं, त्याला मंडळाची सरासरी बरी आहे हे सांगून काय उपयोग? तो विचारतो, "माझ्या वावरात खुंटी कामून नाही ठोकली?" शास्त्राचं उत्तर आहे, नंबर आला नाही म्हणून. हे उत्तर बरोबर आहे, आणि ते तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाही. दांडेकरांना हा तोटा दिसत नव्हता असं नाही; त्यांनी तो किमतीसह पत्करला होता. आमच्या शास्त्रात सरासरी माणसावर काढलेले निष्कर्ष समुपदेशनाला आलेल्या एका माणसावर लावताना हीच अडचण रोज येते, आणि तिथं आम्ही दांडेकरांइतकं उघड बोलत नाही.

यंदा माझी एक विद्यार्थिनी घनसावंगी तालुक्यातल्या तिच्या गावात बायकांच्या झोपेवर आणि काळजीवर काम करते आहे. तिनं वसतिगृह सोडलं, मतदारयादी घेतली, चिठ्ठीनं पहिलं घर काढलं आणि तिथून ठरावीक अंतरानं पुढची घरं घेतली. दिवाळीनंतर गेली तर त्यांतल्या कितीतरी घरांना कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. तिनं तिथूनच फोन केला, "सर, शेजारचं घर घेऊ का?" शेजारचं घर उघडं आहे, कारण त्यांच्याकडं विहीर आहे, त्या घरातल्या बाईची झोप आणि टोळीबरोबर कोपीत राहणाऱ्या बाईची झोप एक नाही. मी नाही म्हणालो. कारखान्यांचे पट्टे पडून टोळ्या गावाला परततात त्या उन्हाळ्यात. ती तेव्हा पुन्हा जाणार आहे. विद्यापीठात प्रबंधिका जमा करायची तारीख त्याच्या आधीची आहे, मुदतवाढीचा अर्ज तिनं लिहिलाय, कारणाच्या रकान्यात काय घालावं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.